माशीमाराचें गोत

घोटी हें वाटांचें गांव आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना रस्ता कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीवरून येथें येतो. थळघाटांतला लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला, तेव्हांपासून आगगाडी या बाजूनें जाऊं लागली. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पुरा झाला, तोहि याच तालुक्यांतून गेला आहे. दक्षिणेस भंडारदऱ्याची वाट फुटते, ती कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गांवावरून जाते. ज्या गांवाला इतक्या वाटा, त्याला पाहुण्यांचें फारसें अप्रूप नसतें. भाताच्या मोसमांत कोण आलें आणि कोण गेलें, याची विचारपूस करण्यास येथें कोणाला सवड नसते. असाच एक पाहुणा दरवर्षीं आमच्या डोंगरांत येतो आणि कोणाला न सांगतां निघून जातो. त्याची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें. तो पोस्टाच्या साध्या पाकिटांतून सहज जाईल इतका हलका आहे, परंतु त्याच्या घराण्याचा शोध लागण्यास विद्वानांना पावणेदोनशेंहून अधिक वर्षें लागलीं.

दिवाळी सरते, ओढ्यांचें पाणी निवळतें, खाचरांतला भात कापून होतो, आणि सह्याद्रीच्या दाट झाडीच्या घळींतून हें पांखरूं दिसूं लागतें. आकारानें चिमणीपेक्षां लहान. डोकें, गळा आणि छाती राखेच्या रंगाचीं. पाठ हिरवट पिवळी. पोट हळदीसारखें पिवळेंधमक. नर आणि मादी यांच्या रूपांत भेद नाहीं. झाडाच्या मधल्या फांदीवर तें ताठ बसतें, क्षणांत हवेंत झेप घेऊन एखादें चिलट टिपतें आणि पुन्हां फांदीवर येतें. परंतु स्वस्थ बसणें त्याच्या स्वभावांत नाहीं. मान वळवील, पंख फडकावील, आणि 'चिक्‌-विची-विची' असा ठसठशीत आवाज काढील. रानांत निरनिराळ्या जातींचीं लहान पांखरें जथा करून हिंडतात, त्या जथ्यांत हें बहुधा असतेंच. आणि आधीं ऐकूं येतो तो याचा आवाज. मराठींत त्याला राखी डोक्याचा माशीमार म्हणतात. हिमालयाच्या अंगाला तें वैशाखाच्या सुमारास घरटें करतें; शेवाळ आणि कोळ्याचें जाळें यांची अर्धी वाटी ओल्या कातळाला किंवा खोडाला चिकटवून ठेवावी, तसें तें घरटें असतें. थंडी पडली कीं तिकडचीं पुष्कळशीं पांखरें खालीं उतरून द्वीपकल्पांत येतात. निलगिरीकडे आणि सिलोनांत याच जातीचीं पांखरें बारा महिने राहतात.

आतां माझी एक चूक सांगतों. मी या भागांत कांहीं वर्षें शिक्षक होतों. एका हिवाळ्यांत मुलांना घेऊन रानांत गेलों असतां हें पांखरूं आम्हांस दिसलें. दुसऱ्या दिवशीं मीं फळ्यावर 'माशीमार कुळ' असा मथळा लिहिला आणि त्याखालीं पांच-सहा पक्ष्यांचीं नांवें मांडलीं. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, सगळे माशा मारतात म्हणून ते भाऊभाऊ कसे?" मीं त्याला चोंचीचें चित्र काढून दाखविलें. मुळाशीं रुंद व चपटी चोंच, तिच्या दोन्ही बाजूंस राठ केस. म्हणजे कुळ एकच, असें मीं ठणकावून सांगितलें. मुलगा खालीं बसला. माझें उत्तर पुस्तकांत होतें तेंच होतें. परंतु प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चूक होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

वास्तविक हा प्रश्न महाराष्ट्रांतल्या माणसास अवघड वाटूं नये. कुलकर्णी हें नांव वतनाचें आहे. गांवचें दप्तर ठेवी तो कुलकर्णी. देशपांडे, देशमुख, पाटील हींहि तशींच नांवें. नाशिकचे एक कुलकर्णी आणि कऱ्हाडचे दुसरे कुलकर्णी यांचें आडनांव एक म्हणून आपण त्यांना एका घरचे समजत नाहीं. गोत्र विचारतों, मूळ गांव विचारतों. माशीमार हेंहि वतनाचेंच नांव आहे. हवेंतली माशी टिपणें हा त्यांचा धंदा. धंदा एक असला म्हणजे त्याला लागणारें हत्यार एकसारखें होतें. म्हणून चोंचहि एकसारखी झाली. पक्षिशास्त्रानें दीर्घकाळपर्यंत हत्यार पाहून घराणें ठरविलें.

आमच्या या पाहुण्याला शास्त्रीय नांव प्रथम मिळालें तें १८२० सालीं. देणारा विल्यम स्वेन्सन हा इंग्रज. याचा जन्म १७८९ सालचा. चित्रकलेंत त्याचा हात मोठा निष्णात होता. शिळाछापावर प्राण्यांचीं चित्रें उतरवून तीं हातानें रंगविण्याची रीत प्रथम चालविणाऱ्यांत त्याची गणना होते. सिलोनांतून आलेल्या नमुन्यावरून त्यानें या पांखराचें वर्णन केलें आणि नांव ठेवलें 'प्लॅटिरिंकस सिलोनेन्सिस', म्हणजे सिलोनचा रुंदचोंच्या. स्वेन्सन नुकताच ब्राझिलांत हिंडून आला होता, आणि प्लॅटिरिंकस हें अमेरिकेंतल्या चपट्या चोंचीच्या पक्ष्यांचें घराणें आहे. अर्थात् आमच्या पांखराचें पहिलें शास्त्रीय आडनांव अमेरिकेंतल्या परक्यांचें होतें.

त्यानंतर अठरा वर्षांनीं, म्हणजे १८३८ सालीं, याच स्वेन्सनच्या हातांत पश्चिम आफ्रिकेंतल्या एका पक्ष्याची कातडी आली. अंग आकाशासारखें निळें, शेपूट लांब, डोक्यावर तुऱ्याचा भास. त्यानें 'लांब शेपटीचा' या अर्थाचें 'लाँगिकॉडा' हें नांव त्याला दिलें आणि माशीमारांच्या दुसऱ्याच एका शाखेंत त्याची रवानगी केली. सिलोन किंवा पश्चिम आफ्रिका यांपैकीं कोठेंहि स्वेन्सन स्वतः गेला नव्हता. वाळलेली कातडी, पेंढा भरलेलें पोट आणि चिठ्ठीवर लिहिलेलें ठिकाण, एवढेंच त्याच्यापुढें होतें. हे दोन पक्षी एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, आणि दोघांचीहि नांवनिशी आपल्याच हातून झाली, ही गोष्ट त्याला कधींच कळली नाहीं. सृष्टींतला प्रत्येक वर्ग पांच-पांचांच्या वर्तुळांत बसतो असें त्याचें मत होतें, आणि त्या मतापायीं त्यानें पुष्कळ कागद व पुष्कळ आयुष्य खर्च केलें. १८४० सालीं तो इंग्लंड सोडून न्यूझीलंडास निघाला, आणि १८५५ सालीं तेथेंच वारला. तें पांचांचें वर्तुळ त्याच्याबरोबरच गेलें. त्यानें केलेलीं वर्णनें मात्र आजहि उपयोगीं पडतात. मत खोटें ठरलें तरी नीट केलेली नोंद खोटी ठरत नाहीं, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें आडनांवें बदलत गेलीं. आफ्रिकेंतल्या निळ्या पक्ष्याला १८५४ सालीं शार्ल ल्यूसियाँ बोनापार्त यानें 'एल्मिनिया' हें नवें घराणें करून दिलें. हा बोनापार्त म्हणजे प्रत्यक्ष नेपोलियनाचा पुतण्या. चुलत्यानें राज्यें मांडलीं आणि मोडलीं. यानें पक्ष्यांचीं घराणीं मांडलीं. एल्मिना हें आजच्या घाना देशाच्या किनाऱ्यावरचें ठाणें. पोर्तुगीजांनीं १४८२ सालीं तेथें किल्ला बांधला, आणि पुढें तेथूनच हजारों माणसें गुलाम म्हणून जहाजांत कोंबलीं गेलीं. त्या ठाण्याचें नांव एका निरुपद्रवी पांखराच्या कपाळीं आलें. आमच्या पांखराला १८७१ सालीं रॉबर्ट स्विन्हो यानें 'क्युलिसिकापा' हें नांव दिलें. हा कलकत्त्यास जन्मलेला आणि चीनमध्यें इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेला गृहस्थ. त्या नांवाचा अर्थ चिलटें धरणारा. म्हणजे पुन्हां धंद्यावरूनच नांव!

आपल्या महाराष्ट्राचा संबंध याच कथेंत दुसऱ्या एका माशीमाराच्या द्वारें येतो. मुंबई सरकारनें कर्नल विल्यम साइक्स यास १८२४ सालीं दख्खनची आंकडेवार पाहणी करण्यास नेमलें होतें. माणसें, गुरें, पिकें मोजतां मोजतां त्यानें पक्षीहि टिपले, आणि १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तींत एका साध्या तपकिरी माशीमाराला त्यानें पुण्याचें नांव दिलें: 'मस्किकापा पूनेन्सिस'. आज तें नांव त्या जातीच्या एका पोटजातीस लागलेलें आहे. हा पुणेकर मात्र खरा माशीमार. त्याचें कुळ आणि त्याचा धंदा यांचा मेळ आहे. त्याच्या शेजारीं, त्याच रानांत, त्याच फांदीवर हिवाळ्यांत बसणारा आमचा पिवळा पाहुणा नांवानें माशीमार आणि कुळानें परका निघाला.

हें परकेपण शंभर वर्षांत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, म्हणून त्या पिढ्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं निघाली, तिनें जमविलेल्या नमुन्यांवर हिंदुस्थानांतला पक्ष्यांचा अभ्यास उभा राहिला. डॉक्टर सलीम अली यांनीं डिलन रिप्ले यांच्यासह १९६८ ते १९७४ या काळांत पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतहि आमचें पांखरूं माशीमारांतच आहे. रूप, चोंच, घरटें आणि आवाज एवढ्या साक्षींवर याहून निराळा निकाल देतां आला नसता. नव्या साक्षीदाराची गरज होती.

तो साक्षीदार सांपडला पेशींच्या पोटांत. तो कसा बोलतो, हें सांगण्यास मी पुण्याचेंच उदाहरण घेतों. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. तें १९६६ सालीं पुरें झालें. देशभरच्या पोथ्या तेथें ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या गेल्या. लेखक पोथीची नक्कल करतो तेव्हां कोठें एखादें अक्षर चुकतो, कोठें ओळ गाळतो. त्या नकलेवरून जी नक्कल होते, तींत ती चूक तशीच उतरते. म्हणून दोन पोथ्यांत एकाच जागीं एकच चूक वारंवार आढळली, तर त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असें ठरतें. मग त्यांचे पुठ्ठे कितीहि निराळे असोत. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत डी. एन. ए. नांवाचा जो तंतु असतो, तीहि एक पोथीच आहे. तिची लिपि चार अक्षरांची. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नकला होतात, आणि नकलांत चुका राहतात. त्या चुकांची ताडणी केली म्हणजे कोणाची पोथी कोणाच्या पोथीशेजारीं ठेवावी, हें दिसूं लागतें. पिसें, रंग, चोंच हे झाले पुठ्ठे.

अशी ताडणी करून बेरेसफोर्ड, बार्कर, रायन आणि क्रो या चार संशोधकांनीं आफ्रिकेंतल्या गाणाऱ्या पक्ष्यांसंबंधीं एक निबंध २००५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वृत्तांतांत छापला. त्यांत दक्षिण आफ्रिकेच्या झुडपी माळावरचा एक चिमुकला राखी पक्षी, आफ्रिकेच्या अरण्यांतले एल्मिनिया आणि आशियांतला क्युलिसिकापा, म्हणजे आमचा पाहुणा, हे एका घरचे ठरले. या घराला 'स्टेनोस्टिरिडी' असें नवें नांव मिळालें. २००९ सालीं जेरोम फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिमालयांतला पिवळ्या पोटाचा नाचण याच घरांत आणून बसविला. नाचण हेंहि धंद्याचें नांव, हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल. या सबंध घराण्यांत आज नऊ जाती मोजतात. त्यांपैकीं सहा आफ्रिकेंत आणि तीन आशियांत. खऱ्या माशीमारांशीं यांचें नातें दूरचें. जवळचें नातें आहे तें वल्गुलीशीं. काळ्या डोक्याची, पांढऱ्या गालाची ही वल्गुली आमच्या रानांत ज्या जथ्यांतून हिंडते, त्याच जथ्यांत हा पाहुणाहि असतो. शेजारीण म्हणून जिला ओळखत होतों, ती सोयरी निघाली.

आतां त्या आफ्रिकेंतल्या भावंडांकडे पाहूं. एल्मिनियाच्या पांच जाती आहेत. दोन निळ्या, त्या रानाच्या कडेनें आणि विरळ झाडींत वावरतात. तीन गर्द राखी-काळ्या, डोक्यावर तुरा असलेल्या. त्यांना घनदाट अरण्याचा अंधार मानवतो. एक कांगोच्या बाजूच्या सखल अरण्यांत राहते. एक कॅमेरूनचे पहाड आणि मध्य आफ्रिकेंतल्या मोठ्या सरोवरांभोंवतालचे डोंगर यांत आढळते. तिसरीची शेपूट पांढऱ्या खुणेची. पूर्व आफ्रिकेच्या डोंगरी रानांपासून झिंबाब्वेच्या पूर्व सीमेपर्यंत तिची वस्ती आहे. खोडावरून, वेलींतून ती सरसर फिरते, शेपटीचा पंखा उलगडते, त्या हालचालीनें दडलेला किडा उठतो आणि ती त्याला टिपते. तिचा तो चुळबुळा स्वभाव वाचतांना मला आमच्या घळींतलें पिवळें पांखरूंच डोळ्यांपुढें दिसलें. रंगांत साम्य नाहीं, परंतु बसणें-उठणें एका घरचें.

आफ्रिका म्हटली कीं मराठी माणसास मलिक अंबर आठवतो, जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. तें नातें समुद्रानें जोडलें, आणि त्याचे कागद आहेत. या पांखरांचें नातें कोणत्या वाटेनें जुळलें? कोणी म्हणेल, हिंदुस्थान पूर्वीं आफ्रिकेला जोडलेला होता, तेव्हांचें हें नातें असेल. तसें नाहीं. मादागास्कर आणि आपला देश यांची ताटातूट सुमारें पावणेनऊ कोटि वर्षांपूर्वीं झाली. ज्या लाव्ह्यापासून कळसूबाईचा काळा कातळ बनला, तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. त्या काळीं या घराण्याचा मागमूसहि नव्हता. हें गोत त्यामानानें फार अलीकडचें आहे, आणि तें जमिनी जुळलेल्या असतां नव्हे, तर पंखांनीं आणि झाडीच्या आधारानें पसरलें. आज दोन्ही शाखांच्या मध्यें अरबस्थानचें वाळवंट पडलें आहे. परंतु अरबस्थानांतहि ओले काळ येऊन गेले आहेत. अरण्याची जी वाट होती ती मोडली, आणि वाटेच्या दोन्ही टोकांना माणसें राहावीं तशीं हीं भावंडें राहिलीं. घोटीच्या माणसाला हें समजणें कठीण नाहीं. वाट बदलली म्हणजे मधलीं गांवें कशीं ओस पडतात, हें येथें सर्वांस ठाऊक आहे.

आपण विचाराल, या सगळ्याचा आम्हांस उपयोग काय? पांखरूं दुर्मिळ नाहीं. जगांतून तें नाहींसें होण्याचें भय आज कोणी सांगत नाहीं. तें खरें आहे. मला भय वाटतें तें निराळ्या गोष्टीचें. स्वेन्सनच्या चुकीची दुरुस्ती होऊं शकली, कारण त्यानें वर्णन लिहून ठेवलें होतें आणि कातडी जपली गेली होती. साइक्सची यादी आज तपासतां येते, कारण ती यादी आहे. परंतु आमच्या तालुक्यांतल्या घळीघळींत हें पांखरूं कोणत्या तिथीस येतें, कोणत्या तिथीस जातें, याचें मराठींत टिपण कोठें आहे? गुरें राखणारीं मुलें त्याला दरसाल पाहतात. करवंदें काढणाऱ्या बाया त्याचा आवाज ऐकतात. तें ज्ञान त्यांच्याबरोबर घरीं जातें आणि त्यांच्याबरोबरच संपतें. या पांखराला ओढ्याकांठची गर्द, ओलसर झाडी लागते. ती झाडी तुटली तर तें दुसरी घळ पाहील, आणि येथें पूर्वीं येत होतें हें सांगणारा कागद उरणार नाहीं. मेलेल्या माणसाचें वतन निदान दप्तरांत सांपडतें. आलेल्या-गेलेल्या पाहुण्याची नोंद कोणी केली नाहीं, तर तो आलाच नव्हता असें होतें.

म्हणून माझी विनंति लहानशीच आहे. यंदाच्या कार्तिकांत ओढ्याच्या कांठीं जाल तेव्हां कान देऊन ऐका. हळदीच्या पोटाचें, राखेच्या डोक्याचें पांखरूं दिसलें, तर घरीं येऊन वहींत तिथि, तारीख, जागा आणि झाड लिहून ठेवा. नांव चुकलें तरी चालेल. नांवें पुढचे लोक दुरुस्त करतील. पाहिलेलें मात्र पाहिलें तसें लिहा.

ज्या मुलानें मला तो प्रश्न विचारला होता, तो आतां मोठा झाला आहे; घोटीस भाताच्या गिरणींत हिशेब ठेवतो. मागल्या हिवाळ्यांत मी मुद्दाम त्याच्याकडे गेलों आणि म्हणालों, "बाबा, त्या दिवशीं तूं बरोबर होतास. धंदा एक म्हणून भाऊ नव्हेत." त्याला तो प्रश्न आठवत नव्हता. पांखरूं मात्र आठवत होतें. आणि तें कोणत्या ओढ्यावर, कोणत्या आंब्याखालीं पाहिलें, हें त्यानें मला बिनचूक सांगितलें. मीं घरीं येऊन तें वहींत लिहून ठेवलें आहे.